फोन लागतो, मग प्लग का लागत नाही? घरातली उपकरणं वायफायला जोडताना

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला दोन बेडरूमचा फ्लॅट, फायबरचं नवं कनेक्शन. फोन, लॅपटॉप, टीव्ही बिनतक्रार चालतात. पण गीझरसाठी आणलेला स्मार्ट प्लग जोडताना दर वेळी शेवटी 'वेळ संपली' असं येतं. दारावरचा कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री गायब होतो. प्रिंटर आज सापडतो, उद्या 'ऑफलाइन'. नवा भारी राऊटर घ्यावा का?

आज तरी घेऊ नका. या तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत आणि त्यांतलं एक तर वायफायशी संबंधित नसण्याचीच शक्यता जास्त. भारी राऊटर फोनला आणखी वेग देईल, पण प्लगला वेग नकोच आहे. त्याला २.४ गिगाहर्ट्झचं साधं, जुन्या वळणाचं आणि वर्षानुवर्षं नाव न बदलणारं नेटवर्क हवं असतं. हे एकदा घरात नीट उभं केलं की पुढची दहा उपकरणं मुकाट्याने जोडली जातात.

आधी प्लग. स्मार्ट प्लग, बल्ब, पंख्याच्या बोर्डात बसणारी मोड्यूल यांच्या पोटात बहुधा स्वस्तातली चिप असते. एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही त्यातली गाजलेली, २०१४ मध्ये आलेली. तिला आणि तिच्या बहुतेक भावंडांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. ५ गिगाहर्ट्झ त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. तुमचा राऊटर मात्र दोन्ही पट्टे एकाच नावाने सोडतो आणि फोनला आपणहून ५ वर ढकलतो. फोनसाठी ही सोय आहे, प्लगसाठी घोळ.

घोळ का, ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्लगवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की दिवा भराभर लुकलुकतो. या अवस्थेत प्लग कोणत्याच नेटवर्कवर नसतो. तो एकेक चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला एकेक कप्पा, फिरत हवेतली पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, नुसती ऐकत असतो. ॲप फोनमधून पाकिटांची एक माळ सोडतं. पाकिटातला मजकूर कूटबद्ध असल्यामुळे प्लगला तो वाचता येत नाही, पण पाकीट किती लांब आहे एवढं कळतं. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड त्या लांब्यांमध्येच दडवलेला असतो: अमुक लांबी म्हणजे अमुक अक्षर. बंद लखोट्याच्या जाडीवरून आतला निरोप ओळखावा, तसा हा प्रकार. आता फोनच ५ वर असेल, तर माळ ५ वर जाते आणि प्लग २.४ वर कान लावून बसलेला. राऊटरने ती २.४ वर पुन्हा सोडली तर काम होतं, पण त्याचा भरवसा नाही. म्हणून कधी पहिल्या फटक्यात जमतं आणि कधी दहा वेळा करूनही नाही.

दुसरी पद्धत जास्त खात्रीची. बटण पुन्हा तितकंच दाबून धरा. दिवा भराभर न लुकलुकता सावकाश लुकलुकू लागेल. (बल्बला बटण नसतं, तो भिंतीवरच्या स्विचने ठरावीक वेळा, साधारण तीनदा, चालू-बंद करायचा.) आता प्लग स्वतःचंच छोटं वायफाय सोडतो. फोन त्याला जोडायचा, परत ॲपमध्ये यायचं, आणि ॲप पासवर्ड थेट प्लगच्या हातात देतं. इथे अडचण येते ती फोनच्या शहाणपणाची. प्लगच्या वायफायवर इंटरनेट नसतं, ते पाहून फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ॲप प्लगला शोधत बसतं. म्हणून जोडणीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, व्हीपीएन असेल तर तेही. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी राहायचं का?' असं फोनने विचारलं तर हो म्हणा. अँड्रॉइडवर लोकेशन चालू हवं आणि ॲपला त्याची परवानगी हवी, नाहीतर आजूबाजूची वायफाय ॲपला दिसतच नाहीत. आयफोनवर आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क' नावाची वेगळी परवानगी आहे. पहिल्यांदा विचारल्यावर घाईने नाही म्हटलं असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. एवढ्या एका 'नाही'पायी चांगला प्लग परत पाठवणारे लोक आहेत.

जोडणी बाथरूममध्ये करू नका. राऊटरपासून दोन-तीन मीटरवर, समोर दिसेल अशा सॉकेटमध्ये करा आणि मग प्लग जागेवर न्या. त्याला सगळं आठवतं. फक्त १६ अँपिअरचा प्लग हॉलमधल्या छोट्या सॉकेटमध्ये शिरणार नाही, तेव्हा एसीचा किंवा स्वयंपाकघरातला मोठा सॉकेट वापरा.

आता राऊटरची सेटिंग. राऊटरच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर पत्ता असतो: बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. फोन त्याच वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये तो टाका. आत गेल्यावर ही कामं करा.

दोन्ही पट्टे एकत्र ठेवणारी सोय बंद करा. तिला कुठे 'स्मार्ट कनेक्ट' म्हणतात, कुठे 'बँड स्टिअरिंग'. मग दोन नावं द्या, आणि जुनं नाव २.४ लाच राहू द्या. बहुतेक लोक उलट करतात, ५ ला जुनं नाव आणि २.४ ला नवं. त्यामुळे आधीच जोडलेली गरीब उपकरणं पोरकी होतात. नवं नाव ५ ला द्या. फोन-लॅपटॉपवर पासवर्ड पुन्हा टाकणं सोपं आहे, छतावरच्या बल्बवर नाही.

सुरक्षा, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार: डब्ल्यूपीए२, एईएस. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर जुने प्लग आणि प्रिंटर दारातच अडतील. दोन्हींचं मिश्रण ठेवता येतं आणि पुष्कळदा चालतंही, पण एखादं उपकरण हटूनच बसलं तर २.४ वर निव्वळ डब्ल्यूपीए२ करून पाहा. ५ वर डब्ल्यूपीए३ खुशाल ठेवा.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, ४० नको. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचे वीसेक राऊटर दिसत असतील, तर वायफाय तपासणाऱ्या एखाद्या फुकट ॲपने या तिघांत कुठे गर्दी कमी आहे ते पाहून तो नंबर कायमचा बसवा. 'ऑटो' ठेवलं तर राऊटर कधी १२ किंवा १३ वर जाऊ शकतो. भारतात त्याला मुभा आहे, पण अमेरिकी बाजारासाठी बांधलेल्या उपकरणाला ते दोन चॅनेल दिसत नाहीत. 'कालपर्यंत चालत होतं' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. परदेशातून कोणी भाचा-पुतण्या भेट म्हणून कॅमेरा आणतो, तेव्हा हे आधी तपासावं.

नाव आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरं व आकडे यांतच ठेवा. देवनागरी नाव द्यायला मनाई नाही, पण नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे काना, वेलांटी आणि अनुस्वारसुद्धा, ३ बाइट खातं. 'आपलं घर' १९ बाइटमध्ये बसतं. 'कुलकर्णी निवास' ४० होतात, म्हणजे बसतच नाही. बसलेलं नावही स्वस्त प्लगला वाचता येईलच असं नाही. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. त्यात रिकामी जागा आणि चित्रविचित्र खुणा टाळा, आणि शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा तर दोनदा तपासा. फोनचा कीबोर्ड शब्द आपोआप पुरा करताना ती टाकतो आणि ठिपक्यांच्या आड ती दिसत नाही.

काही कंपन्यांच्या फायबर डब्यात ही सेटिंग कुलूपबंद असते. तेव्हा पाहुण्यांसाठीचं, म्हणजे गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर चालू करून प्लग-बल्ब त्यावर घालता येतात. गेस्टवरची उपकरणं घरातल्या इतरांना दिसत नाहीत. इंटरनेटमार्फत हुकूम घेणाऱ्या प्लगला त्याने फरक पडत नाही. प्रिंटरला आणि टीव्हीला पडतो. म्हणून त्यांना गेस्टवर टाकू नका.

गीझरबद्दल एक गोष्ट वायफायपेक्षा महत्त्वाची. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. दहा अँपिअर लिहिलेल्या प्लगवर २००० वॅटचा गीझर कागदावर बसतो, पण अर्धा तास सलग भार आणि जरा सैल झालेला सॉकेट एवढं प्लास्टिक पिवळं पडायला पुरतं. १६ अँपिअरचाच घ्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी गीझर बंद करून, प्लग काढून पिना तपासा. हात लावताना नुसत्या कोमट लागल्या तर ठीक, चटका बसला तर दोष सॉकेटचा आहे, आधी तो बदलून घ्या. ओल्या जागेत प्लग नको. बाथरूमच्या बाहेरच्या बोर्डात मोड्यूल बसवणं जास्त चांगलं, आणि ते काम एमसीबी पाडून इलेक्ट्रिशियनकडून. मोड्यूलला न्यूट्रलची तार लागते, ती बोर्डात आहे का हे मागवण्याआधी विचारा. धातूच्या पेटीत मोड्यूल बसवलं तर सिग्नल कोंडतो, प्लास्टिकची पेटी घ्या. आणि ॲपवरून बंद केलेला गीझर दुरुस्तीसाठी बंद झाला असं समजू नका. असे प्लग बहुधा एकच तार तोडतात.

कॅमेऱ्याकडे येऊ. दिवसा चालतो, रात्री जातो, हे ऐकल्यावर पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा, वायफायवर नंतर. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त विद्युतप्रवाह ओढतो. सोबत आलेली आखूड केबल पुरत नाही म्हणून आपण पाच मीटरची बारीक यूएसबी केबल लावलेली असते, दुसऱ्या टोकाला ड्रॉवरमध्ये सापडलेला जुना १ अँपिअरचा चार्जर. ५ व्होल्टमधला काही भाग केबलमध्येच मरतो आणि कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होत राहतो. परीक्षा सोपी आहे: भर दिवसा कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड कापड टाका. टक् असा बारीक आवाज येऊन चित्र काळं-पांढरं होईल. त्यानंतर मिनिटाभरात कॅमेरा गेला, तर रोग सापडला. कॅमेऱ्यावर जेवढं लिहिलंय तेवढा अडॅप्टर, बहुधा ५ व्होल्ट २ अँपिअर, कॅमेऱ्याजवळच्या सॉकेटमध्ये लावा. लांबी वाढवायचीच असेल तर २३० व्होल्टच्या बाजूने एक्स्टेन्शन आणा, ५ व्होल्टच्या बाजूने नको.

ही परीक्षा पास झाली तर सिग्नल मोजा. फोन २.४ वर ठेवून कॅमेऱ्याच्या जागी उभे राहा आणि वायफाय तपासणाऱ्या त्याच ॲपमधला सिग्नलचा, म्हणजे डीबीएमचा आकडा पाहा. तो उणे असतो आणि शून्याच्या जवळ जाईल तेवढा चांगला. उणे ५० उत्तम. व्हिडिओसाठी उणे ६७ पर्यंत निभावतं. प्लग-बल्ब उणे ७५ वरही तग धरतात. उणे ८० ला रोजची कटकट. स्वस्त कॅमेऱ्याचा अँटेना फोनपेक्षा कमजोर असू शकतो, त्यामुळे सहा-सात डीबीचा हात राखून ठेवा. दार बंद करूनच मोजा, कारण तुमच्याकडे लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर खरा आकडा तेव्हाच कळतो. सिग्नल खाणाऱ्या घरातल्या इतर गोष्टी: लोखंडी कपाट, मोठा आरसा, काँक्रीटची भिंत, माळ्यावरची पाण्याची टाकी. कोकणातली जांभ्याची जाड भिंत तर एकटीच सगळा खेळ संपवते. मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, पण तो चालू असेल तेवढाच वेळ त्रास देतो.

फायबरवाला डबा बसवतो तो केबल जिथून आत येते तिथे, बहुधा टीव्हीमागे किंवा खाली कपाटात. तेवढा डबा टीव्हीच्या मागून काढून दीड-दोन मीटर उंचीवर उघड्यावर टांगला, तरी पुष्कळ फरक पडतो. फायबरची पिवळी-पांढरी वायर मात्र दुमडू नका. तिला तांब्यासारखी कोपऱ्यात घडी चालत नाही, रुंद वळण द्यावं लागतं.

कॅमेऱ्याचं चित्र दिवसरात्र क्लाउडवर पाठवायचं असेल तर हिशेब करा. २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला सुमारे ६५० जीबी वर चढवतो. कित्येक फायबर योजनांत 'अमर्यादित'चा अर्थ महिन्याला ३३०० जीबी एवढाच असतो. आत मेमरी कार्ड टाकून फक्त हालचालीचे तुकडे वर पाठवणं शहाणपणाचं. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, 'हाय एन्ड्युरन्स' जातीचं घ्या, मोबाइलमधलं जुनं नको.

प्रिंटरचा रोग वेगळा. राऊटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो. प्रिंटर दोन दिवस बंद राहिला, मुदत संपली, पुन्हा चालू केल्यावर त्याला वेगळा नंबर मिळाला. लॅपटॉप मात्र जुन्याच नंबरावर हाका मारतोय, म्हणून 'ऑफलाइन'. राऊटरच्या डीएचसीपी, म्हणजे हे नंबर वाटण्याच्या, पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' नावाची सोय शोधा, यादीतून प्रिंटर निवडा, त्याचा नंबर कायमचा राखून ठेवा. मग लॅपटॉपमधून प्रिंटर काढून टाकून त्या नंबराने पुन्हा घाला. प्रिंटरला छोटा पडदाही नसेल तर पहिल्या जोडणीला डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणारं, बटण वापरा: राऊटरचं दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं. त्यातली आठ आकडी पिनची पद्धत मात्र बंद ठेवा. तिची फट २०११ पासून जगजाहीर आहे.

यातून भागलं नाही तर घरात दोन राऊटर आहेत का ते बघा. कंपनीच्या डब्याला स्वतःचा राऊटर जोडला आणि दोन्हींचं वायफाय चालू ठेवलं, की घरात दोन वेगळी गावं तयार होतात. प्रिंटर एका गावात, लॅपटॉप दुसऱ्या. दोघांना इंटरनेट मिळतं म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही, पण एकमेकांना ते सापडत नाहीत. दुसऱ्या राऊटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला पण वेगळा ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट येण्याच्या) नव्हे, लॅन (घरातल्या उपकरणांच्या) खोबणीत लावा. मागची खोली फारच लांब असेल तर हाच दुसरा राऊटर कॅट ६ केबलने तिथे नेणं हे सॉकेटमध्ये खोचायच्या रिपीटरपेक्षा कधीही सरस. एकाच पट्ट्यावर ऐकून बोलणारा रिपीटर निम्मा वेग तिथेच घालवतो.

लाइट जाण्याचा भाग आपल्याकडे टाळता येत नाही. लाइट आली की प्लग पाच-दहा सेकंदांत जागा होतो आणि फायबरचा डबा दोन-तीन मिनिटांनी. बहुतेक प्लग दम धरून प्रयत्न करत राहतात. काही थकून बसतात आणि त्यांना हाताने बंद-चालू करावं लागतं. डब्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर डबा चालू ठेवणारी बॅटरी, बसवा. अडॅप्टरवरचा आकडा वाचून घ्या: १२ व्होल्ट असेल तर १२ चाच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनही तीच. ॲपमध्ये 'वीज आल्यावरची अवस्था' अशी एक निवड असते, तिथे बल्बला 'आधीची' आणि गीझरला 'बंद' असं ठेवा. हे न केलेल्या घरात पहाटे तीनला लाइट आली की सगळे बल्ब लख्ख पेटतात.

पुढेमागे राऊटर बदलायची वेळ आलीच, तर नव्याला जुन्याच २.४ चं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः तसाच द्या, मोठ्या-छोट्या अक्षरांसकट. सगळी उपकरणं आपोआप परत येतात, एकाही बल्बला हात लावावा लागत नाही. राऊटरच्या आत शिरायचा मूळ पासवर्ड तेवढा बदला, आणि आतल्या 'कमाल जोडण्या' या आकड्यावर एक नजर टाका. काही डब्यांत तो प्रत्येक पट्ट्याला ३२ असतो, आणि बल्ब, प्लग, फोन धरून ३२ व्हायला वेळ लागत नाही.

आणि भाड्याचं घर सोडताना प्लग-कॅमेरे तिथेच ठेवणार असाल, तर आधी आपल्या ॲपमधून एकेक काढून टाका. नुसतं बटण दाबून रिसेट केलं तरी काही कॅमेरे जुन्या खात्यालाच बांधलेले राहतात. पुढच्या भाडेकरूला ते जोडता येत नाहीत, आणि मग तो तुम्हालाच फोन करतो.